साखळीचा वळ

हात चुकला असंच थोआला आधी वाटलं. टेम्पोतून उतरवलेली मोठी कुंडी दोघा माणसांनी फाटकाच्या आत डाव्या अंगाला, तिच्या जुन्या जागी, सरकवत सरकवत बसवली होती. माणसं घाम पुसत कोपऱ्यावर कॉफी प्यायला गेली आणि थोआ चाकांच्या खुर्चीतून पुढे वाकून खोडाला हात लावू लागली. दोन वर्षांनी घरी आलेल्या झाडाला माणूस दुसरं काय करणार. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तेव्हा झाड तिला वाफ धरलेल्या काचेमागे उभं असल्यासारखं दिसत होतं; म्हणून हात. हात सवयीने गुडघ्याच्या उंचीवर गेला, कारण साखळीचा वळ तिथे होता, आणि तिथे वळ नव्हता. साल होती. खरखरीत, जराशी दमट, कुठल्याही झाडाची असते तशी. तिने हात वर नेला, खाली आणला, मागच्या बाजूने फिरवून आणला. खोडाचा घेर तिच्या ओळखीचा वाटत होता आणि वाटतही नव्हता, जशी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली लांबची नातेवाईक बाई वाटते. तेवढ्यात पाठीमागून सून म्हणाली, "आई, झाड तेच आहे हं."

थोआने हात काढून घेतला. विचारलं होतं कुणी? तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. तेच आहे, असं माणूस कधी म्हणतं? बाजारात मासेवाली म्हणते, मासा आजचाच आहे हं, तेव्हा थोआ आयुष्यभर पुढच्या टोपलीकडे गेली होती. दिएपच्या आवाजात तसं काही नव्हतं, खरं म्हणजे दिएपच्या आवाजात कधीच काही नसायचं. घरात येऊन बारा-पंधरा वर्षं झाली, दोन पोरं झाली, वरच्या खोलीत बसून फोनवरून लहान मुलांचे कपडे विकते, चार पैसे मिळवते, सासूचं औषधपाणी चुकवत नाही. पण बोलणं मोजकं. आणि कमी बोलणाऱ्या माणसांवर थोआचा विश्वास नव्हता. भांडणारी बाई बरी, तिच्या पोटात काय आहे ते गल्लीला कळतं. "तेच आहे, ते दिसतंय मला," असं थोआ म्हणाली, आणि मोतीबिंदू झालेल्या बाईने हे म्हणणं किती हास्यास्पद आहे ते तिचं तिलाच कळून ती आणखी चिडली.

वळ लूकने केला होता. लूक तिचा नवरा. लग्नानंतर सायगॉनला यायला निघाले तेव्हा त्याने बेन त्रे प्रांतातल्या आपल्या गावातून दोनच गोष्टी आणल्या, एक बायको आणि एक माईचं, सणाला पिवळ्या फुलांनी भरणाऱ्या झाडाचं, रोप, आणि बसमध्ये मांडीवर रोप होतं. माईचं झाड त्या गल्लीत सगळ्यांच्याच दारात होतं. पण लूकच्या झाडाला पाच पाकळ्यांचं साधं, विरळ फूल यायचं आणि त्या फुलाला वास होता. इतरांच्या झाडांना तो नव्हता. कोवळ्या केळीच्या पानावर थोडा मध सांडावा तसा काहीसा. तेतचा, नव्या वर्षाचा, सण जवळ आला, वर्षाचा शेवटचा महिना लागला, की चोर रात्री फाटकावरून उड्या मारून कुंड्या उचलून न्यायचे. म्हणून लूक मोटारसायकलची साखळी खोडाला गुंडाळून फाटकाला कुलूप घालायचा. एका वर्षी साखळी काढायची राहिली. पावसाळा आला, खोड फुगलं, साखळी सालीत रुतली. काढली तेव्हा लूक तिथेच फरशीवर बसून राहिला होता, पोराला मारल्यावर बाप बसतो तसा. जखमेत चुना भरत होता. थोआ वर उभी राहून म्हणाली होती, "बायकोला कधी साखळी घातली नाहीस, तिच्या वाटणीची झाडाला घातलीस." लूक हसला नव्हता. तो वळ राहिला. पुढे लसूण सोलायला, मासे साफ करायला थोआ बुटक्या स्टुलावर झाडाशी टेकून बसायची तेव्हा तो वळ बरोबर तिच्या गुडघ्याला लागायचा. लूक गेल्यावर त्या वळात तर्जनी घालून बसायची तिला सवय लागली. कुणाला दिसायचं नाही. म्हातारी झाडाला टेकून बसलीय एवढंच दिसायचं.

साऊ दुपारी आलीच. साऊ म्हणजे समोरच्या घरातली. घरच्या मोजणीत सहावी म्हणून साऊ, म्हणजे सहा, आणि थोआपेक्षा वयाने वर्षभर लहान असल्याचं ती रोज एकदा तरी दाखवायची. झाडाभोवती एक फेरी मारून तिने पान चघळल्यासारखं तोंड केलं. तिच्या भावजयीच्या बहिणीचं झाड असंच सांभाळायला दिलं होतं म्हणे, वर्षाने परत आलं ते अगदी टवटवीत, सगळे खूश, आणि तेतला फुललं तर पांढरं. पांढरं, सुतकाचा रंग, सणाच्या दिवशी, दारात. "नर्सरीवाल्यांचं काय, ताई," साऊ म्हणाली, "जुनं खोड दिसलं की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. तुझ्या लूकचं झाड म्हणजे काय, अमेरिकेतले पाहुणे घेऊन जातात असलं." थोआ म्हणाली की तुझ्या भावजयीच्या बहिणीला पांढरं-पिवळं कळतं हेच खूप झालं. पण साऊ गेल्यावर तिला दिसेना झालेलं झाड तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

कारण आधीचं सगळं आता आपापल्या जागी बसत चाललं होतं. दोन तेतपूर्वी, सण उलटल्या उलटल्याच, झाडाला पाणी घालताना ओल्या फरशीवरून ती घसरली आणि खुबा मोडला. ती इस्पितळात असतानाच दिएपने झाड शहराबाहेरच्या नर्सरीत पाठवलं. कुणाला विचारून? बरीच घरं पाठवतात, वर्षभर झाड त्यांच्याकडे, सणाला घरी, ते खरं. पण ज्यांच्या घरात झाडाचं करायला कुणी नसतं ती घरं पाठवतात. खाटेवरून थोआ रोज विचारायची, झाड कसं आहे. छान आहे, दिएप सांगायची. रोज तेच, छान आहे आई, आणि फोन डोळ्यांपुढे धरायची. फोनमध्ये काय दिसणार, हिरवा धूर. पहिल्या वर्षी झाड परत आलंच नाही. अजून अशक्त आहे म्हणाली. त्या तेतला दारात लिंबूसंत्र्याची कुंडी भाड्याने आणून ठेवली, त्यातली निम्मी फळं तारेने बांधलेली. थोआने एक ओढून पाहिलं तर तारेसकट हातात आलं. आणि त्या तेतला लूक आला नाही.

हे ती कुणाशी बोलली नव्हती. बोलण्यासारखं नव्हतंच. सणाच्या आधी सगळी घरं आपापल्या मेलेल्यांना घरी बोलावतात, उदबत्ती लावतात, जेवण मांडतात, आणि मेलेले येतात. त्यात काय सांगायचं. पण लूकला जिवंतपणीही रस्ते कधी कळले नाहीत. बाजारातून येताना तो शेजारच्या गल्लीत शिरायचा आणि दुसऱ्याच्या फाटकाशी किल्ली लावत उभा राहायचा. शेवटच्या महिन्यात मात्र चुकायचा नाही, म्हणायचा, वासाने येतो. आता तर गल्ली त्याने ओळखावी अशी राहिलीच नव्हती. घरांचे नंबर बदलले, तोंडाशी सात मजली इमारत झाली, विहिरीवर सिमेंट पडलं. गेल्या तेतला थोआ मांडलेल्या ताटापुढे बसून होती आणि नारळपाण्यात शिजवलेल्या मांसाची वाफ निवत गेली. घर भाड्याच्या खोलीसारखं गप्प होतं. तिला आपलं वाटत राहिलं, तो कुठे तरी उभा आहे, गल्लीच्या तोंडाशी, पिशवी हातात घेऊन, आणि कुणाला विचारायला लाजतोय. या वर्षीही दारात दुसरंच झाड उभं असेल तर तो पुन्हा तिथेच उभा राहील. आणखी किती वर्षं उभा राहील? ती स्वतः त्याच्याकडे जाईपर्यंत? आणि ती गेल्यावर दोघांनी कशाच्या वासाने घरी यायचं?

खांगला, मुलाला, तिने विचारून पाहिलं. तो शीतगोदामात कामाला, घरी येतो तेव्हा अंगाला बर्फाचा आणि कोळंबीचा वास. झाडाचं नाव काढताच तो म्हणाला, "आई, सण झाला की आधी तुझा मोतीबिंदू काढू." मोतीबिंदूचा काय संबंध. झाडाबद्दल विचारलं तर तो डोळ्यांबद्दल बोलतो, म्हणजे झाडाबद्दल त्याला बोलायचं नाही. लहानपणी याने कुंडी फोडली होती तेव्हाही पोटात दुखतंय म्हणून झोपला होता. मग एका सकाळी जिन्याच्या खालून तिने दिएपचा आवाज ऐकला. दिएप फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाही, त्यांना अजून कळलेलं नाही. खालचं मी बघते, तुम्ही काळजी करू नका." खालचं? खालचं काय? त्या दिवसापासून थोआने लक्ष ठेवलं. रोज सकाळी, पोरं शाळेत गेली की दिएप झाडाशी उकिडवी बसायची, पाठ घराकडे, आणि कुंडीत काही तरी करायची. मातीवर नारळाचा काथ्या पसरलेला होता तो उचलायची, परत नीट झाकायची, वरून हाताने दाबायची, जसं कुणी उशीखाली काही ठेवतं. दिएप आत गेल्यावर थोआ खुर्ची ढकलत तिथे जायची. काथ्या ओला. खाली वाकायला खुबा देत नव्हता. बोटं काथ्यापर्यंत जेमतेम पोचत आणि तिथेच कळ यायची. खुर्चीत बसल्या बसल्या वाटायचं की झाडही तिच्यापासून पाय आखडून घेतंय.

पानं ओरबाडायचा दिवस आला. हे काम त्या शहरात प्रत्येक घराला करावंच लागतं. सणाच्या आधी दोन-तीन आठवडे झाडावरचं पान न् पान काढायचं, म्हणजे झाड घाबरून सगळ्या कळ्या एकदम सोडतं आणि बरोबर सणाच्या सकाळी फुलतं. एक दिवस चुकला तर फूल आधी येतं नाही तर सण सरल्यावर येतं, आणि मग वर्षभर त्या घराचं काही धड होत नाही. आधी पाणी तोडायचं. मग एका हाताने फांदी धरायची आणि दुसऱ्या हाताने पान टोकाच्या उलट दिशेला ओढायचं, बगलेतल्या कळीला धक्का न लावता. खांग म्हणाला माणूस लावू. थोआ म्हणाली, "माझं झाड माणूस लावून नागडं करायचं नाही." माझं म्हणताना तिने दिएपच्या दिशेला तोंड केलं. वरच्या फांद्या दिएपने घेतल्या, स्टुलावर चढून. खालच्या थोआने, खुर्ची सोडून, पाटावर, खुब्याला उशी लावून. खाली बसायला खांगने धरलं आणि तो कामावर गेला. दोघी बायका काम करत होत्या आणि पानं पडत होती. कळ्या बोटाला लागत होत्या. फुगीर, गुबगुबीत, एका जागी चार-चार. लूकच्या झाडाच्या कळ्या अशा कधी नव्हत्या. सडपातळ असायच्या, त्याच्यासारख्या. प्रत्येक कळीबरोबर थोआच्या मनातली गाठ घट्ट होत गेली. हे झाड कुणा श्रीमंताच्या अंगणातलं आहे, आणि त्या श्रीमंताच्या अंगणात आता माझं झाड उभं आहे. या बाईने ते विकलं, आणि माझा मुलगा कोळंबीचा वास घेऊन गप्प बसला.

मग हात आणखी खाली गेला. आता बसली होती जमिनीलगत, म्हणून पोचला. काथ्या बाजूला झाला आणि बोटांना एक फुटवा लागला, बुंध्यातून आलेला, वीतभर लांब, सरळ, अंगावर चार पानं. नीट आडोसा करून ठेवलेला. लूकचा नियम तिला रक्तात मुरलेला होता. जे खालून येतं ते चोर, वरच्याचं खातं, दिसलं की मोडायचं. तिने अंगठा लावला. "आई, ते..." वरून दिएप म्हणाली आणि तिथेच थांबली. फुटवा चट्कन मोडला होता. "ते काय?" थोआने विचारलं. दिएप म्हणाली, "काही नाही." थोआने फुटवा पानांच्या ढिगावर भिरकावला. तिला बरं वाटलं. का ते तिला सांगता आलं नसतं, पण त्या बाईने जपलेलं काही तरी तिच्या डोळ्यांदेखत मोडलं, याचं सुख दाताखाली खडीसाखर फुटावी तसं फुटलं आणि लगेच विरघळून गेलं.

सणाच्या आठवडाभर आधी, चूलदेव स्वर्गात जातात त्या दिवशी, कळ्यांची टरफलं उकलली. झाड वेळेवर होतं. तेतच्या सकाळी थोआला पलंगावरूनच खिडकीत पिवळा उजेड दिसला, एवढा, की मोतीबिंदूलाही तो अडवता आला नाही. गल्ली बघायला आली. साऊ नवा जांभळा, साडीसारखा चकचकीत पोशाख घालून आली, तिने फूल हातात धरून पाकळ्या मोजल्या आणि आरोळी दिली की दहाच्या वर आहेत, ताई, फूल आहे की कोबी. सगळे हसले. थोआही हसली. वर्षाच्या पहिल्या दिवशी जे तोंडातून निघतं ते वर्षभर घरात राहतं, म्हणून त्या दिवशी वाईट शब्द काढायचा नसतो. थोआने आयुष्यात एवढ्या शिस्तीने सण कधी पाळला नव्हता. नातवंडांना पैशांची लाल पाकिटं दिली, कलिंगड कापलं, आल्यागेल्याला म्हणाली सुखी राहा, भरभराट होवो. आत तिची जीभ दातांवर आपटत होती. तिने झाडाजवळ तोंड नेलं होतं पहाटेच. वास नव्हता. एवढं लखलखीत सोनं आणि वास पाण्याचा. सणाचे तीन दिवस जाऊ देत, तिने ठरवलं होतं. चौथ्या दिवशी खांगला समोर बसवायचं आणि विचारायचं, या घरात आई राहणार की तुझी बायको. लूकला सापडणार नाही असल्या घरात तिला मरायचं नव्हतं.

पाहुणे पांगले. अंगण शांत झालं. केरसुणी त्या दिवशी कुणी हातात घेत नाही, त्यामुळे पाकळ्या जिथे पडल्या तिथे होत्या. आणि त्या शांततेत थोआच्या नाकाशी काही तरी आलं आणि गेलं. तिने मान वळवली. पुन्हा आलं. केळीचं पान, थोडासा मध. अंगणातून नव्हे, घरातून. एक क्षण तिला खरंच वाटलं, आत कुणी आलंय, ताटापुढे बसलंय, आणि उशीर झाला म्हणून ओशाळून काही बोलत नाही. तिने खुर्ची उंबऱ्यावरून कशी नेली ते तिला कळलं नाही. आत पूर्वजांच्या चौरंगाशी दिएप उदबत्त्या बदलत होती. लूकचा फोटो, फळांचं ताट, झेंडूची जोडी, आणि फोटोच्या अगदी जवळ एका औषधाच्या लहान बाटलीत एक काडी. थोआने हात पुढे केला. काडीचं बूड जाळून काळं केलेलं होतं. कापलेली फांदी पाण्यात टिकावी म्हणून तसं करतात. वर दोन फुलं. तिने बोटाच्या टोकाने एकाच्या पाकळ्या चाचपल्या. पाच होत्या, विरळ.

"ढिगावरून उचलली?" थोआ म्हणाली.

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं ती कुणाची आहे."

दिएपने उदबत्ती रक्षापात्रात उभी केली, नीट, मग सांगू लागली, खाली मान घालून. झाड नर्सरीत गेलं तेव्हाच वरचं सगळं किडीने पोखरलेलं होतं. तिथला माणूस म्हणाला टाकून द्या, नाही तर वरचं छाटून दुसऱ्या झाडाच्या फांद्या कलम करतो. तिने कलम करा म्हटलं. बुंधा खोल पुरून, वर माती चढवून, नवी मुळं धरवली. फांद्या परक्या, खोड तेच.

"आणि मला सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"तुम्ही रोज विचारायचात, झाड कसं आहे. पहिल्या दिवशी मी छान म्हटलं. एकदा छान म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी काय म्हणायचं, आई?"

बाहेर कुणाच्या तरी घरात गाण्याचं यंत्र लागलं होतं, कुणी पुरुष सूर सोडून गात होता.

"खालून तो फुटवा आला," दिएप म्हणाली, "तो तुमचा होता, जुन्या झाडाचा. त्या माणसाने मोडा म्हणून सांगितलं, मी नाही मोडला. जरा मोठा झाला की दाखवणार होते. मग सगळंच सांगणार होते."

"मोडू का दिलास मला?"

"तुमचा हात आधी पोचला."

वर्षाचा पहिला दिवस होता. थोआने तोंड मिटलं. या बाईने दोन वर्षं खोटं सांगितलं आणि काथ्याखाली तेच झाड जपलं, आणि यातलं कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे वेगळं करायला गेलं की दोन्ही एकाच फांदीला येत होतं. लूक फोटोतून नेहमीसारखा भलतीकडे बघत होता. आला असेल, तिला वाटलं. वासाने आला असेल, अंगणातलं झाड चुकून पुढे गेला असेल, आणि इथवर पोचला असेल. पण दोन फुलं ती, बाटलीतली. काडीला मूळ नाही. चार दिवसांनी वास जाईल. मग पुढच्या वर्षी?

तिने दिएपला खुर्ची बाहेर घ्यायला सांगितलं, मग पाटावर उतरवायला. दिएपने काखेत हात घालून तिला उतरवलं. सुनेच्या हातांना उदबत्तीचा वास होता आणि ते कापत नव्हते, एवढं थोआने नोंदलं. नागड्या बुंध्याशी तिने काथ्या दूर केला. माती सैल होती. बोटं आत घातली, एक पेर, आणखी एक, आणि बोट एका खळग्यात घसरलं आणि तिथे बसलं, इतकं बरोबर बसलं की तिच्या घशातून काही तरी आवाज निघाला. तो वळ तिथेच होता. माती वर चढली होती, ती स्वतः उंच खुर्चीत चढली होती, आणि वळ जिथे होता तिथेच तिची वाट बघत खाली राहिला होता. वळाच्या खालच्या काठाला मोडलेल्या फुटव्याची जखम लागली. अजून चिकट. तिने बोट जखमेवर ठेवलं, मग तिच्या कडेने हळूहळू फिरवलं, मागच्या बाजूला, जिथे कुणाचा हात सहज जाणार नाही. आणि तिथे तिळाएवढं काही तरी टोचलं. टणक, टोकदार. नव्या फुटव्याचा डोळा असेल. मातीचा खडाही असेल. तिने दाबून पाहिलं नाही. खडा असेल तर आज कळायला नको होतं, आणि डोळा असेल तर या घरातले हात फार लवकर पोचतात.

तिने माती परत सारली, काथ्या पसरला आणि वरून हाताने दाबला.

"काय आहे तिथे?" दिएपने विचारलं.

"काही नाही," थोआ म्हणाली.

दिएप तिच्याकडे बघत उभी राहिली. तिचा विश्वास बसलेला नाही हे थोआला मोतीबिंदूतूनही स्पष्ट दिसलं.